लॅब्रॅडॉर निघाला अंजनेरीला

रविवारी सकाळी सहाला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी फाट्याशी थोडं थांबलात तर हे दृश्य दिसेल. गाडीचं मागचं दार उघडतं, आधी लॅब्रॅडॉर उडी मारतो आणि मग त्याची माणसं उतरतात. त्याला कुत्रा म्हटलेलं घरात खपत नाही. तो ब्रूनो असतो. चहाच्या टपरीखालची गावठी कुत्री अंग झाडून उभी राहतात. हद्द त्यांची असते.

हद्द आणखी कोणाकोणाची आहे, हे मात्र गाडीतून उतरणाऱ्यांच्या गावीही नसतं. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. या डोंगराचंच नाव घेतलेलं एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, पावसाळ्यात इथल्या पठारावर फुलतं. दिंडोरी बाजूचा बोरगड २००८ साली राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झाला. अंजनेरीलाही पुढे तोच दर्जा मिळाला. अभयारण्याइतके कडक नियम इथे नाहीत. गुराख्यांची आणि भाविकांची वहिवाट चालू राहते. त्यामुळे ‘मग आमच्या ब्रूनोने काय घोडं मारलंय?’ हा प्रश्न येतोच.

याचं उत्तर मला आमच्या मोतीने दिलं. एप्रिलची सकाळ, बोरगडाच्या पायथ्याचा माळ, मी दोरी सोडलेली. अचानक दोन टिटव्या आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागल्या. मोती थबकला. त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची चार अंडी होती. घरटं कसलं, नुसता खळगा. त्याने अंड्यांना तोंडही लावलं नाही, पण हलायलाही तयार नव्हता. मला वाटलं, चला, काही बिघडलं नाही. बिघडत होतं ते वेगळंच. ऊन चढत होतं आणि अंड्यांवर सावली धरणारी पाखरं आमच्यावर ओरडण्यात गुंतली होती.

दोरी बांधली की प्रश्न मिटला असंही नाही. सिडनीजवळच्या रानवाटांवर संशोधकांनी दोरीला बांधलेली कुत्री फिरवून पक्षी मोजले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, कुत्रं गेलेल्या वाटेवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. नुसती माणसं गेली तेव्हा एवढी घट झाली नाही. पाखराच्या लेखी कुत्रं म्हणजे लांडग्या-कोल्ह्याच्या जातीचं. ते बांधलेलं आहे की मोकळं, हे बघायला पाखरू थांबत नाही.

दुसरी बाजू रोगाची. डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यांकडून जंगली प्राण्यांत जाऊ शकतो. २०१८ मध्ये गीरच्या एका परिक्षेत्रात तीन आठवड्यांत २३ सिंह दगावले, त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. म्हणून नुसतं रेबीजचं इंजेक्शन देऊन भागत नाही. डिस्टेंपरसह बाकीच्या लसीही वेळेवर हव्यात. परत आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड चाचपून बघा. गोचीडतापाने धडधाकट कुत्रं चार दिवसांत आडवं होतं.

आणि बिबट्या? शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला गेला, तेव्हा भक्ष्याच्या वजनात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. नाशिककरांना बिबट्या नवा नाही, पण हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे पळालेलं कुत्रं बिबट्या दिसला की धन्याकडेच धाव घेतं, आणि कधी कधी एकटं येत नाही.

उन्हाचं गणित सोपं आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून थंड होतं. मार्चपासून इथला काळा कातळ सकाळी नऊलाच तापतो. हाताची मागची बाजू दगडावर पाच-सात सेकंद टेकवून बघा; तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. पग, शिह त्झूसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर चढणीवर नेऊच नये.

मी स्वतः मोतीला अंजनेरी-बोरगडला नेणं बंद केलं. गिधाडं बघायला एकटा जातो. त्याच्यासाठी गावाकडच्या पाणंदी आहेत. शेतमालकाला विचारून आखूड दोरीने बांधाबांधाने चाललं की तासाभरात दोघंही दमतो. पाणी आणि वाडगं आपलं न्यायचं, त्याची घाण पिशवीत भरून परत आणायची. जानेवारी ते एप्रिल मात्र त्याला द्राक्षबागेत शिरू देऊ नका. फवारणी असतेच, शिवाय द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत. थोड्या मण्यांनीही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. खाल्लेच, तर उलटी होण्याची वाट न बघता तडक पशुवैद्याकडे न्या.