लिनक्स वितरणे

लिनक्स हा गाभा, त्यावर चालणाऱ्या आज्ञावली आणि त्या संगणकावर बसविण्याची व अद्ययावत ठेवण्याची व्यवस्था यांच्या एकत्रित संचास लिनक्स वितरण म्हणतात. परिचालन प्रणालीचा यंत्रसामग्रीशी प्रत्यक्ष व्यवहार करणारा भाग म्हणजे गाभा. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. १९९२ पासून त्यास लागू असलेल्या ग्नू सार्वजनिक परवान्यामुळे त्यात बदल करून त्याचे पुनर्वितरण करण्याची मुभा सर्वांना आहे. म्हणून वितरणे अनेक झाली. डेबियन (१९९३), फेडोरा (२००३) व उबुंटू (२००४) ही त्यांपैकी प्रमुख होत.

गाभा समान असल्याने वितरणांतील खरा भेद नव्या आवृत्त्या किती वेळाने निघतात आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या किती काळ मिळतात यांत असतो. पडद्यावरील मांडणी मागाहून बदलता येते. त्यामुळे केवळ तिच्यावरून निवड करणे योग्य ठरत नाही. फेडोराची आवृत्ती साधारणतः सहा महिन्यांनी निघते व सुमारे तेरा महिने सांभाळली जाते. नवी साधने हवी असणाऱ्या अभ्यासकास ती सोयीची. शाळा, ग्रंथालय वा कार्यालय यांना स्थैर्य अधिक मोलाचे असल्याने डेबियन अथवा उबुंटूची पाच वर्षे दुरुस्त्या मिळणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती श्रेयस्कर होय. दुरुस्त्यांची मुदत संपलेली प्रणाली चालू राहते, परंतु सुरक्षित राहत नाही.

जुन्या संगणकाच्या बाबतीत स्मृतीबरोबरच प्रक्रियकही पाहावा लागतो. डेबियनने १३ व्या आवृत्तीपासून (२०२५) ३२ बिट प्रक्रियकांसाठी प्रस्थापना संच देणे थांबविले. प्रक्रियक ६४ बिट पण स्मृती अल्प असल्यास एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही हलकी पटले उपयोगी पडतात.

मराठी वापरकर्त्याने कळफलक व टंक तपासणे अगत्याचे आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. जुन्या टंकांत ते आढळत नाही. ‘सुऱ्या’ व ‘सूर्या’ यांतील रकाराचा भेद, तसेच ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे नीट उमटतात का, हेही पाहावे. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांची गरज ध्यानात घेऊन डेबियनवर आधारित ‘बॉस’ हे वितरण २००७ मध्ये प्रसृत केले.

बहुतेक वितरणे यूएसबी स्मृतिकांडीवरून, मूळ प्रणालीस धक्का न लावता चालविता येतात. त्यामुळे मुद्रक, बिनतारी जोडणी व मराठी लेखन यांची प्रथम आपल्याच संगणकावर परीक्षा घेऊन नंतर निवड निश्चित करणे इष्ट होय.