ढगांची ओळख आणि पेरणीचा निर्णय

रोहिणी नक्षत्र सरत आले की शेतकऱ्याची दृष्टी जमिनीवरून उठून आकाशाकडे लागते. नांगरट झालेली असते, कुळवाच्या पाळ्या पडलेल्या असतात, बियाणेही घरात आलेले असते. अशा वेळी एखाद्या सायंकाळी काळाकुट्ट ढग उठतो, वावटळ सुटते, विजा कडाडतात आणि तासाभरात रान चिंब होते. दुसरे दिवशी तिफणी बाहेर पडतात. पुढे पंधरा दिवस कोरडे गेले तर कोवळे अंकुर करपून जातात व दुबार पेरणीची पाळी येते. बी, खत आणि मजुरी यांचा खर्च तर वाया जातोच, पण पेरणीचा योग्य काळही हातचा जातो. म्हणून पडलेला पाऊस कोणत्या ढगाचा, हे ओळखणे अगत्याचे आहे.

उन्हाने जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. वर जाताना कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सियसने थंड होते. पुरेशी थंड झाली म्हणजे तिच्यातील वाफेचे सूक्ष्म जलकण बनतात. या कणांचा समूह म्हणजेच ढग होय. पावसाचा एक थेंब बनण्यास असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. प्रत्येक ढग बरसत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

ढगांना त्यांच्या आकारावरून नावे देण्याची पद्धत इंग्लंडमधील ल्यूक हॉवर्ड यांनी १८०३ साली प्रसिद्ध केली. आजचे वर्गीकरण त्याच पायावर उभे आहे. नवशिक्याने पुढील चार प्रकार ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होते.

तंतुमेघ : पिंजलेल्या कापसासारखे पांढरे व विरळ. हे साधारणतः ६ किलोमीटरहून अधिक उंचीवर असून हिमकणांचे बनलेले असतात. त्यांच्यापासून जमिनीवर पाऊस पडत नाही.

राशिमेघ : खालून सपाट व वरून फुलकोबीच्या गड्ड्यासारखे. दुपारी उठून सायंकाळी विरले तर हवा उघडी राहण्याचा संभव असतो.

गर्जामेघ : राशिमेघच वाढत वाढत डोंगराएवढा होतो. आपल्याकडे त्याचा माथा १५ किलोमीटरपर्यंतही पोहोचतो आणि पुष्कळदा ऐरणीसारखा पसरतो. वळीव, गारा व विजा याच ढगातून येतात.

स्तरमेघ व वर्षास्तरमेघ : आकाशभर पसरलेला करडा थर. पातळ थरातून फार तर भुरभुर पडते, तर जाड थरातून संथ व दीर्घकाळ पाऊस पडतो.

आता वळीव आणि मोसमी पाऊस यांतील भेद पाहू. वळीव बहुधा दुपारनंतर येतो, थोड्या पट्ट्यातच पडतो आणि दुसरे दिवशी आकाश पुन्हा निरभ्र होऊन उकाडा वाढतो. एका शिवारात पाणी वाहते, तर शेजारच्या गावी धूळ उडत असते. मोसमी पावसाचे आगमन झाले म्हणजे नैऋत्येकडील अथवा पश्चिमेकडील वारा टिकून वाहतो, आभाळ दिवसेंदिवस झाकलेले राहते व पाऊस विस्तृत प्रदेशावर पडतो. मोसमी पाऊस केरळात पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख १ जून, तर मुंबईची ११ जून आहे. प्रत्यक्षात त्यात दरसाल मागेपुढे होते.

तथापि केवळ डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. पाऊस मोजावा. सरळ कडांचा व सपाट बुडाचा डबा झाडे व भिंती यांपासून दूर, उघड्यावर पक्का बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची खोली पट्टीने मोजून वहीत टिपावी. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, अर्थात एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी. जिरायत खरिपाची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत वीतभर ओल उतरल्याची खात्री करूनच करावी.

गर्जामेघ दिसताच जिवाचीही काळजी घ्यावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर धरावे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम थांबवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली मुळीच थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लिहावी व भारतीय हवामानशास्त्र विभागाचा अंदाज तिच्याशेजारी लावावा. हा विभाग १८७५ साली स्थापन झाला आणि १९३२ पासून पुण्यात त्याचे शेतीविषयक हवामानाचे काम चालू आहे. विभागाचा अंदाज, डब्यातील पाणी आणि मातीतील ओल या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे खुशाल तिफण जुंपावी. चार दिवसांचा धीर धरल्याने होणारे नुकसान दुबार पेरणीच्या नुकसानीपेक्षा पुष्कळ कमी असते.