मुक्काम आधी, मार्ग मागाहून

‘मजल दरमजल’ हा शब्दप्रयोग मराठीत अजून जिवंत आहे. त्यामागचा हिशोब मात्र मोटार आल्यापासून विस्मृतीत गेला. बैलगाडीने जाणारा प्रवासी घर सोडण्यापूर्वी रात्रीचा विसावा कोठे मिळेल हे ठरवी, आणि त्या मुक्कामाच्या बेताने दिवसाची चाल आखी. आजचा मोटार बाळगणारा गृहस्थ याच्या नेमके उलट करतो. प्रेक्षणीय स्थळांची यादी प्रथम होते, त्यांमधील अंतरांची बेरीज होते, आणि रात्र पडेल तेथे पाहून घेऊ, असे म्हणत मंडळी गाडीत बसतात. हॉटेलात उतरावयाचे असेल तर ही बेफिकिरी एक वेळ खपून जाते. तंबूत राहावयाचे असेल तर ती खपत नाही.

मुंबईच्या एखाद्या कुटुंबाने डिसेंबरात तीन दिवस काढून एक रात्र भंडारदऱ्यास तंबूत आणि एक रात्र नाशकास हॉटेलात घालविण्याचे योजिले आहे, असे समजावे. मंडळींत आजी आहेत, आठ वर्षांचा नातू आहे. घोटीवरून भंडारदरा सुमारे १८० किलोमीटर, तेथून नाशिक सुमारे ७५, आणि नाशकाहून परत घर सुमारे १७०. तीन दिवसांत सव्वाचारशे किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे, असे कोणासही वाटेल. परंतु शहरातून बाहेर पडावयास किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो, आणि घोटी सोडल्यावर रस्ता वळणावळणाचा होतो. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला, त्यामुळे कसाऱ्याचा जुना घाट बोगद्यातून टाळता येतो हे खरे. तरी घोटीपुढे ताशी ३०-३५ किलोमीटरांहून अधिक वेग हिशोबात धरू नये. किलोमीटर नव्हे, तास मोजावे.

हे तास उलटे मोजावयाचे असतात. डिसेंबरात तिकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जागा पाहणे, तंबू उभारणे, पाणी आणणे आणि स्वयंपाकास लागणे, यांस दोन तासांचा उजेड हवा. म्हणजे चारला मुक्कामाच्या जागी पोहोचलेच पाहिजे. त्याआधी जेवण, धरण पाहणे आणि थोडी विश्रांती धरली तर दुपारी बाराला शेंडी गाव गाठावे लागेल, आणि त्यासाठी घरून पहाटे सहाला निघावे लागेल. या हिशोबात कळसूबाई बसत नाही. वाटेवर बारी गाव लागते आणि शिखर अगदी समोर दिसते, म्हणून ‘जाता जाता’ चढून येण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे. त्याची चढउतार हे साऱ्या दिवसाचे काम आहे. तिकडे वळलेली मंडळी अंधारात, दमलेल्या पायांनी, अनोळखी पाणवठ्याकाठी मेखा ठोकीत बसतात.

प्रवरेवरील हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाचे पाणी पावसाळ्यानंतर हळूहळू उतरू लागते आणि काठाशी मोकळी, सपाट जमीन उघडी पडते. तंबूस ही जागा ईश्वरानेच सारवून ठेविली आहे असे नवख्यास वाटते. प्रत्यक्षात वरचा पापुद्रा वाळलेला व खाली चिखल, असा प्रकार असतो. मोटारीचे चाक रुतले म्हणजे बैलजोडीच शोधावी लागते. अगदी खोलगट जागाही टाळावी, कारण रात्री थंड हवा जड होऊन तेथेच साचते. वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली, ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नये, हे निराळे सांगणे नको. काठापासून थोडी उंचावरची, किंचित उतरती, मुरमाड जागा उत्तम.

जागा कोणाची, हा प्रश्नही असतोच. काठची जमीन शेतकऱ्याची असेल, पाटबंधारे खात्याची असेल, वा वनखात्याची. विचारल्यावाचून मुक्काम करणे हे दुसऱ्याच्या अंगणात पथारी टाकण्यासारखेच होय. या परिसरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे आहेत, आणि तेथील कित्येक कुटुंबे तंबूस जागा, जेवण आणि शौचालयाची सोय ठरावीक पैसे घेऊन करतात. सर्व सामान घरून लादून नेण्यापेक्षा ही व्यवस्था पुष्कळ बरी. गरम भाकरी मिळते. आणि आजींस थंडी सोसवली नाही तर गावात एखादी खोलीही आधी बोलून ठेविता येते.

थंडीचा अंदाज मुंबईकराचा हमखास चुकतो. उंची वाढली की दर हजार मीटरांस सुमारे साडेसहा अंश तापमान उतरते. भंडारदरा सुमारे साडेसातशे मीटरांवर आहे, म्हणजे केवळ उंचीमुळे पाच अंशांचा फरक. शिवाय निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडते. म्हणून अंगावरील रजईपेक्षा अंगाखालील जाड गादीचे महत्त्व अधिक. येथे एक गोष्ट अत्यंत स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नये. विझत आलेली, नुसती राखेत धुगधुगणारीसुद्धा नाही. कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जखडतो. झोपलेल्या माणसास गुदमरल्याची जाणीवही होत नाही, आणि मुलांस तर हा वायू लवकर बाधतो. गरम पाण्याची पिशवी न्यावी, कानटोपी न्यावी.

काजव्यांसाठी जाणारांचा काळ निराळा. मेअखेर ते जूनच्या आरंभी तेथील झाडे लुकलुकू लागतात, पण त्याच दिवसांत वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. तेव्हा त्या खेपेस छप्पर असलेल्या घरातच उतरावे. मोटारीचे दिवे व विजेऱ्या विझवाव्या, कारण त्या लुकलुकीनेच नरमादी एकमेकांस शोधतात.

तंबूची रात्र आधी की हॉटेलची, याविषयी मतभेद आढळतो. अंग मुरण्यास पहिली रात्र हॉटेलात काढावी, असे काही म्हणतात. हे मत मोटार न चालविणाऱ्यांचे असावे. तंबूत पहिल्या रात्री झोप तुटक लागते, आणि सकाळी चाकामागे बसणाऱ्याच्या झोपेवर साऱ्यांचे प्राण अवलंबून असतात. तंबूनंतर नाशिक असेल तर त्यास ७५ किलोमीटरच जावयाचे असते. तंबूनंतर घर असेल तर १८०. म्हणून तंबू आधी. दुसऱ्या दिवशी रतनवाडीचे अमृतेश्वराचे दगडी मंदिर सावकाश पाहून, दुपारी अडीचला निघाले तरी मंडळी उजेडी नाशकात पोहोचतात. घोटीस पेट्रोल भरून घ्यावे, आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा. जलाशयाच्या पलीकडे संपर्क मिळेलच असे नाही.

नाशकास खोली आगाऊ राखून ठेवणे इष्ट. २०२७ सालच्या सिंहस्थ पर्वण्यांच्या दिवसांत तर त्यावाचून जाऊच नये. खोली राखताना मोटार उभी करण्यास जागा आहे की नाही आणि आजींस किती पायऱ्या चढाव्या लागतील, हे दोन प्रश्न दराआधी विचारावे. तिसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेणी पाहावी. ती मुंबईच्या वाटेवरच आहेत, त्यामुळे उलटा फेरा पडत नाही. आजी पायथ्याशी थांबल्या तर नातवास वर नेऊन आणावे. रविवारचा परतीचा लोंढा सायंकाळी लोटतो, तेव्हा दुपारच्या जेवणाबरोबर नाशिक सोडावे.

घरी आल्यावर तंबू तसाच गुंडाळून माळ्यावर टाकू नये. रात्रभराचे दव आणि आतील माणसांच्या श्वासांची वाफ कापडात मुरलेली असते. गच्चीत अथवा गॅलरीत दोन दिवस उलगडून तो वाळवावा, मेखांची माती पुसावी, आणि तणावे मोकळे करून गुंडाळावे. एरवी पुढच्या डिसेंबरात पिशवीतून बुरशीचा वास बाहेर पडतो.