पियानोलाची डागडुजी आणि सरसाचा मान

अमेरिकेतील एडविन वोटी यांनी १८९५ च्या सुमारास सिद्ध केलेले आणि ‘पियानोला’ या नावाने ख्यातनाम झालेले स्वयंवादक यंत्र बाहेरून लाकूड व धातू यांचेच भासत असले, तरी त्याचे प्राण कापड, कातडे आणि सरस या क्षुद्र मानल्या गेलेल्या जिनसांत असतात. आपल्या पेटीचा भाता वारा बाहेर लोटतो. पियानोलाचा, पायांनी चालवला असता, तो आत ओढतो. भोके पाडलेली कागदी गुंडाळी पट्टीवरून सरकताना एखादे भोक उघडे पडले, की तेथून शिरलेली हवा नळीवाटे जाऊन तलम कातड्याची चकती उचलते, झडप उघडते, आणि त्या स्वराचा चिमुकला भाता मिटून पियानोची हातोडी तारेवर आदळते. पूर्ण पल्ल्याच्या वाद्यात अशा ८८ चकत्या असतात.

भात्याचे मूळ कापड सुती, रबराचा लेप दिलेले. ते रबर काही दशकांत कडक होऊन तडकते, तेव्हा बदलणे अपरिहार्यच. पॉलियुरेथेनचा लेप दिलेले कापड त्याजागी घालण्याचा मोह कित्येकांना पडला, परंतु दमट हवेत काही प्रकारांचा लेप विघटन पावून सुटू लागतो. ज्या जिनसेला बाजारात येऊन पुरते शतकही झालेले नाही, तिच्याविषयी दिलेली शतकाची ग्वाही मला तरी पोकळच वाटते.

खरा अनर्थ मात्र सरसाची जागा घेणाऱ्या पांढऱ्या कृत्रिम गोंदाने केला. जनावरांच्या हाडाकातड्यांपासून कढवलेला सरस ऊब व ओलावा मिळताच सुटतो, आणि हा त्याचा दोष नसून मोठाच गुण होय, कारण पुढच्या कारागिरास भाता उकलताना लाकूड फाडावे लागत नाही, आणि जुन्या सरसावर नवा सरस बिनतक्रार बसतो. पांढरा गोंद लाकडाच्या रंध्रांत मुरून राहतो व त्यावर सरस धरत नाही. मग पृष्ठभाग तासण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

जुने ते सारे ग्राह्य, असे मात्र नव्हे. झाडाच्या सालींनी कमावलेले कातडे शहरातील गंधकयुक्त धुराने तांबूस भुकटी होऊन झडते, हे जुन्या चामडी बांधणीचे ग्रंथ हाताळणाऱ्यांस सांगावयास नको. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले तेथे अधिक तग धरते, म्हणून ते मी निःसंकोच पत्करीन. जाडीची खातरजमा तेवढी मूळ तुकड्यावरून करावी, कारण किंचित जाड चकती मंद ओढीला उचलतच नाही, आणि मग जोरकस वादन ठीक उमटले तरी हळुवार जागा गळतात. तो मूळ तुकडाही फेकून न देता, तारखेनिशी लखोट्यात घालून, वाद्याच्या दप्तरी ठेवावा.