दूरच्या मैफलीची भैरवी

मैफल संपली, हे श्रोत्यांना सांगावे लागत नाही. गायकाने भैरवीचे सूर लावले की प्रत्येकजण मनोमन ओळखतो, आता उठायचे. कोणी घड्याळ पाहत नाही, कोणी आग्रह करीत नाही. शेवटची सम येते, तानपुऱ्यांना गवसणी चढते आणि मंडळी त्या सुरांची ओल मनात घेऊन घरोघर पांगतात. पण रसिकांचे असेही काही मेळे असतात की ज्यांच्या नशिबी भैरवी नसते. शेवटची बैठक कोणती, हे त्यांच्यापैकी कोणालाच कळत नाही. एकेक जण कमी होत जातो, एकेक आसन रिकामे पडते आणि एके दिवशी ध्यानात येते की दिवा विझून बराच काळ लोटला आहे. थोर कलावंत गेला म्हणजे वृत्तपत्रे स्तंभच्या स्तंभ भरून लिहितात. रसिकांचा मेळा विसर्जित झाला, ही बातमी मात्र कोठेच छापून येत नाही.

जॅझ संगीताच्या रसिकांचा असाच एक मेळा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पसरला होता. त्याला सभागृह नव्हते, वर्गणी नव्हती, सभासदांची यादीही नव्हती. त्याचे एकत्र येण्याचे ठिकाण म्हणजे रेडिओच्या लघुलहरींवरील एक जागा. जानेवारी १९५५ मध्ये ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या केंद्राने विलिस कॉनोव्हर नावाच्या निवेदकाच्या हाती जॅझचा कार्यक्रम सोपविला. आरंभीला ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ‘टेक द ए ट्रेन’ ही धून वाजे आणि पाठोपाठ कॉनोव्हर यांचा धीरगंभीर, खर्जातला आवाज येई. ते मुद्दाम सावकाश बोलत. शब्द साधे, वाक्ये आटोपशीर. इंग्रजी भाषा अर्धीमुर्धी जाणणाऱ्या माणसालाही आपले म्हणणे पोचावे, एवढीच त्यामागची दृष्टी. १७ मे १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वीची चार दशके वॉर्सा, मॉस्को, हॅवाना, मुंबई अशा परस्परांपासून दूरच्या शहरांतील माणसे एकाच सुरावटीसाठी कान टवकारून बसत होती.

लघुलहरींचे ते ऐकणेही कष्टाचे असे. आकाशातील विद्युत्भारित थरावर आदळून परतणाऱ्या त्या लहरी रात्रीच्या वेळी दूरवर पोचत. पण मधूनच आवाज खोल विहिरीत उतरल्यासारखा क्षीण होई, शेजारचे केंद्र मध्ये घुसे, खरखर वाढे. त्या खरखरीतून ट्रम्पेटचा एखादा लखलखीत सूर हाती लागला, तर तो श्रोत्याने स्वतःच्या तपश्चर्येने मिळविलेला असे. आज बोटाच्या एका स्पर्शासरशी हजारो ध्वनिमुद्रिका समोर येतात. सोय वाढली, हे निर्विवाद. परंतु जे मिळविण्यासाठी जागावे लागत होते त्याची किंमत जागणाऱ्यालाच ठाऊक, हेही तितकेच खरे.

हा कार्यक्रम सर्वस्वी निर्हेतुक होता, असे मात्र कोणी समजू नये. शीतयुद्धाच्या ऐन भरातील ती सरकारी नभोवाणी होती, आणि जॅझ हे अमेरिकेच्या राजनीतीचे एक गोड हत्यार होते. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक आणि १९६३ मध्ये खुद्द एलिंग्टन भारतात येऊन वाजवून गेले, तेही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सौजन्याने. ज्या कृष्णवर्णीयांनी हे संगीत जन्माला घातले, त्यांना त्याच वेळी स्वतःच्या देशातील अनेक राज्यांत गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवताही येत नव्हते. ही विसंगती झाकून या इतिहासाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण हेतू काहीही असो, एकदा सूर हवेत सुटला की तो धाडणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. सोव्हिएत राजवटीत निषिद्ध ठरलेल्या संगीताच्या तबकड्या रसिकांनी रुग्णालयातून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मवर कोरून घेतल्या. बरगड्यांच्या चित्रावर सुरांच्या रेषा! ते कोणत्याही सरकारच्या प्रचारासाठी नव्हते; ती निखळ तहान होती.

१९५९ मध्ये कॉनोव्हर पोलंडला गेले तेव्हाची हकीकत प्रसिद्ध आहे. वॉर्साच्या विमानतळावर फुले घेऊन उभा असलेला जमाव पाहून त्यांना वाटले, आपल्याच विमानातून कोणी बडी असामी आली असावी. ती असामी ते स्वतःच होते. आणि या गृहस्थांना त्यांच्या मायदेशात मात्र फारसे कोणी ओळखत नव्हते. परदेशांसाठी चालविलेल्या या नभोवाणीचे कार्यक्रम अमेरिकेतच प्रसृत करण्यास १९४८ च्या कायद्याने मज्जाव केलेला होता. जगाला परिचित आणि शेजाऱ्याला अपरिचित, असे हे विलक्षण आयुष्य!

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशानंतर याच केंद्राच्या हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना एकाएकी सक्तीच्या रजेवर धाडण्यात आले, तेव्हा जगातील कित्येक वृद्ध श्रोत्यांना ती जुनी धून आठवली असेल. मेळा त्यापूर्वीच पांगला होता. पण ज्या पिंपळाखाली तो भरत असे त्या पिंपळावर कुऱ्हाड पडलेली पाहणे, हे दुःख निराळे असते.

गोमंतकातील वाचक येथे विचारील, या परक्या संगीताच्या परक्या रसिकांशी आमचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आमच्या दारातच आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात येऊन वाजवू लागला. त्यांच्यामागून आलेल्या टेडी वेदरफर्ड यांच्यासारख्या कलावंतांनी हे संगीत मुंबई-कलकत्त्यात रुजविले. ते आत्मसात करून पुढे नेणारे हात फार मोठ्या प्रमाणावर गोमंतकीयांचे होते. खेड्यापाड्यांतील चर्चच्या शाळांत मेस्तांच्या छडीखाली स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली ही मुले पोटासाठी मुंबईला गेली, आणि लिहिलेले सूर वाचता येतात या एका विद्येच्या बळावर तेथे उभी राहिली. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियर वाझ ‘चिक चॉकोलेट’ या नावाने भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजविता वाजविता १९६३ मध्ये ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढते झाले.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली, नृत्यगृहे ओस पडली, आणि ही मंडळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळली. तेव्हापासून मराठी माणसाच्या कानावर जॅझ सतत पडत आले आहे. फक्त त्याला ते ठाऊक नाही. १९५१ च्या ‘अलबेला’तील सी. रामचंद्रांच्या ज्या चालींवर आमच्या वाडवडिलांनी ताल धरला, त्यांच्या मागे चिक चॉकोलेट होते. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांतील भव्य वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझा यांनी रचला. त्याच शंकर-जयकिशनांकडे तालाची बाजू सांभाळणारे दत्ताराम वाडकर हेही गोमंतकाचेच सुपुत्र. माजोर्ड्याचे ॲन्थनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. १९७७ साली ‘अमर अकबर ॲन्थनी’तील एका विनोदी गाण्यात शिष्याने गुरूचे नाव गुंफले आणि साऱ्या देशाच्या तोंडी ते बसले. देशाला वाटले, हे पटकथाकाराने कल्पिलेले नाव. खरा माणूस २०१२ पर्यंत हयात होता, हे किती जणांना ठाऊक होते?

रसिकांच्या मेळ्याचे खरे मोल येथे कळते. जॅझ हे क्षणात घडणारे संगीत. ठरलेल्या चालीचा आणि ठरलेल्या मात्रांचा सांगाडा घ्यावयाचा आणि प्रत्येक आवर्तनात त्यावर नवी बांधणी करावयाची, ही त्याची रीत. बंदिश तीच, पण आजचा विस्तार कालचा नव्हे, हे ज्याला उमगते त्या ख्यालाच्या श्रोत्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही. साहजिकच कोणत्या दिवशी, कोणाच्या साथीला, कोण वाजवीत होते, याला येथे विलक्षण महत्त्व येते. ही नोंद कोणी ठेवली? विद्यापीठांनी नव्हे, कंपन्यांनीही नव्हे. ती ठेवली शौकिनांनी. १९३६ मध्ये पॅरिसच्या शार्ल दलोने यांनी तबकड्यांची आणि त्यांवरील वादकांची सूची छापून काढली, ती शौकीन म्हणूनच. एका तबकडीवरील दुसरा सॅक्सोफोन कोणाचा, यावर वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर येणारी ही माणसे बाहेरच्याला वेडगळ वाटतील. पण त्यांच्या त्या भांडणांतूनच शेकडो सामान्य वादकांची नावे काळाच्या जबड्यातून सुटली.

आपल्याकडे नेमके हेच घडले नाही. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायकाचे नाव येई, संगीतकाराचे येई. ज्या ट्रम्पेटने गाण्याचा आरंभ होई त्याच्या वादकाचा मात्र उल्लेखही नसे. दिवसाचा मेहनताना घेऊन तो लोकलने घरी जाई. मुंबईच्या काही तरुण रसिकांनी पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जॅझला वाहिलेले नियतकालिक काढले. ते अल्पायुषी ठरले. त्याच उत्साही मंडळींपैकी निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरली, सॉनी रोलिन्ससारखा दिग्गज तेथे वाजवून गेला आणि नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या कलावंताला जगाचे दालन उघडले. पुढे त्या यात्रेचीही सांगता झाली. ग्रेगरी बूथ यांनी २००८ मध्ये चित्रपटांतील वादकांच्या मुलाखतींवर आणि नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये मुंबईच्या जॅझवर इंग्रजीतून ग्रंथ लिहिले, म्हणून निदान काही नावे तरली.

मराठीतून काय झाले? येथे आम्हां मराठी वृत्तपत्रांनाच आरशासमोर उभे राहावे लागेल. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मास्टर दीनानाथ यांची नावे आम्ही अभिमानाने घेतो, आणि घेतलीच पाहिजेत. पण त्याच लाल मातीतून निघून, त्याच मुंबईत, तितक्याच हालअपेष्टा सोसून ज्यांनी वाद्यांवर हुकमत मिळविली, त्यांना आमच्या स्तंभांत कितीशी जागा मिळाली? ‘ते त्यांचे संगीत’ या तीन शब्दांनी आम्ही आमच्याच शेजाऱ्याला परका केला. देवळाच्या चौकात भजन ऐकत वाढलेला आणि चर्चच्या माडीवर व्हायोलिन घासत वाढलेला, असे हे दोघेही मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. त्यांना जे अवघड वाटले नाही, ते आम्हां ऐकणाऱ्यांना का वाटावे?

एक योगायोग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडली. मानवजातीची ओळख म्हणून त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविली. साऱ्या पृथ्वीच्या संगीतातून निवडलेल्या मोजक्या तुकड्यांत लुई आर्मस्ट्राँग यांचा १९२७ चा ‘मेलँकली ब्लूज’ आहे आणि केरीच्या केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही आहे. दुसरे यान उडाले त्याच्या अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाई निवर्तल्या. आज त्यांतील पुढचे यान पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर दूर आहे. फोंडा महालातील एक स्वर आणि न्यू ऑर्लिअन्सचा एक स्वर त्या निबिड अंधारात एकाच तबकडीवर शेजारी शेजारी प्रवास करीत आहेत. ज्यांनी ती निवड केली त्यांना यांतील एक आपले आणि एक परके, असे वाटले नाही.

तेव्हा पांगलेल्या त्या मेळ्याला निरोप द्यावयाचा तो कसा? केवळ उसासे टाकून नव्हे. कॉनोव्हर यांच्या ध्वनिफिती आणि कागदपत्रे आज नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत; आवाज गेला, ठेवा उरला. आमच्या बाजूला अजूनही गावोगाव असे वृद्ध वादक असतील की ज्यांना अमुक गाण्याच्या आरंभीचा ट्रम्पेट कोणाचा हे ठाऊक आहे. त्यांच्या ट्रंकांतून हाताने उतरविलेले वाद्यमेळाचे कागद वाळवीची वाट पाहत पडलेले असतील. कला अकादमीने आणि गोवा विद्यापीठाने हे काम हाती घ्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. परंतु संस्थांची वाट पाहण्याचेही कारण नाही. दलोने यांच्या पाठीशी कोणती संस्था होती? शाळेतील एखाद्या मुलाने शेजारच्या वाड्यावर जाऊन आजोबांना विचारावे, त्यांनी सांगितलेली नावे वहीत उतरून घ्यावीत. तेवढ्यानेही आरंभ होईल.

कलावंत सूर निर्माण करतो, पण त्या सुराला आयुष्य देतो तो रसिक. तो गेला की नावे जातात, आणि नावे गेली की माणूस दुसऱ्यांदा मरतो. खरखरीतून सूर वेचणाऱ्या त्या अनाम, अदृश्य मेळ्याला आमचा कृतज्ञ नमस्कार. त्यांच्या वाट्याला न आलेली भैरवी आपण त्यांच्यासाठी गावी, आणि ती गाताना मागे साथीला कोण बसले होते, हे तेवढे न चुकता लिहून ठेवावे.