पोलादनगरीचा संघ : जॉन्सटाउन जेट्स

पॉल न्यूमनचा 'स्लॅप शॉट' (१९७७) हा सिनेमा पाहिलाय? त्यातल्या 'चार्ल्सटाउन चीफ्स'मागे खराखुरा आइस हॉकी संघ होता : अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा जॉन्सटाउन जेट्स.

गाव पोलाद कारखान्यांचं. १९५० साली तिथं वॉर मेमोरियल अरीना उभा राहिला आणि त्याच वर्षी जेट्सही. लीग दुय्यम दर्जाची, पगार तुटपुंजा, हाणामाऱ्या मात्र भरपूर! नेड डाउड जेट्सकडून खेळायचा. त्याची बहीण नॅन्सी हिनं संघातलं ते जग जवळून पाहिलं आणि सिनेमाची पटकथा लिहिली. पडद्यावरचे चष्मेवाले, भांडखोर हॅन्सन बंधू मूळचे जेट्सचे कार्लसन बंधू. तिघांपैकी जॅकला ऐन चित्रीकरणाच्या वेळी वरच्या लीगमधून बोलावणं आलं, म्हणून त्याची भूमिका संघातल्याच डेव्ह हॅन्सनने केली. आडनाव मुळात त्याचंच! मला हा सर्वोत्तम क्रीडापट वाटतो, कारण यातले बरेच खेळाडू खरे आहेत.

१९७५ मध्ये जेट्स लीगचे विजेते ठरले. दोनच वर्षांनी, जुलै १९७७ च्या महापुरात गाव बुडालं, अरीनातली बर्फाची यंत्रणा निकामी झाली आणि संघ संपला.

१९८८ मध्ये गावात नवा संघ आला. त्याचं नाव सिनेमावरून ठेवलं : जॉन्सटाउन चीफ्स. तो २०१० पर्यंत खेळला.