कुंपणच शेत खाते तेव्हा

मराठीच्या प्राध्यापकाने सुतारकाम करावे की नाही, या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षात मी एकटा आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, ज्याला भिंतीत खिळा ठोकताना स्वतःचा अंगठा सांभाळता येत नाही, त्याने विजेच्या करवतीच्या वाटेला जाऊ नये. तरीही दोन वर्षांपूर्वी मी टेबल-सॉ विकत आणला, मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभारून तेथे बसवला आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालून त्याची यथासांग पूजाही केली. पूजेने बरेच काही साधत असेल; यंत्राचे माप मात्र जुळत नाही, हे दिवाळीच्या सुटीत कळले.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लोखंडी टेबलाच्या मधोमध गोल पाते वर आलेले असते. त्याच्या बाजूला एक लांब, सरळ पट्टी असते. तिला ‘फेन्स’ म्हणतात, म्हणजे आपले कुंपण. फळी त्या कुंपणाला टेकवून पुढे ढकलायची, की हव्या त्या रुंदीची पट्टी निघते. कुंपण पुढेमागे सरकवून रुंदी ठरवता येते. इतके सोपे!

कन्येच्या पुस्तकांसाठी कपाट करायला घेतले होते. ती शेजारी उभी राहून पट्ट्या मोजत होती. सागाची फळी अर्ध्यावर गेली आणि जळका वास येऊ लागला. कापलेल्या कडेवर काळे डाग दिसले. माझी समजूत अशी की पाते बोथट झाले असावे. यंत्र थांबवून कन्येला म्हणालो, “आईकडून चहा घेऊन ये.” ती गेली. मी पुन्हा यंत्र सुरू केले आणि जरा जोर लावला. फळी मागून उचलली गेली, माझ्या कोपराला चाटून सुटली आणि शेडच्या पत्र्यावर आदळली. पत्र्याला चांगला खोलगट पोचा पडला. तो माझ्या कन्येच्या खांद्याच्या उंचीवर होता आणि पाच मिनिटांपूर्वी ती नेमकी तेथेच उभी होती.

त्या दिवशी चहा कोणीच प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीचे मिस्त्री आले. चाळीस वर्षे लाकडात घालवलेला माणूस. त्यांनी पोचा पाहिला, जळकी कड बोटाने चाचपली आणि एवढेच विचारले, “सर, रुंदी कुठं मोजली होती?”

“पात्याच्या अलीकडे,” मी म्हणालो.

“आणि पलीकडं?”

पलीकडे मी मोजलेच नव्हते. मोजले तेव्हा तेथे कुंपण पात्याकडे जवळजवळ एक मिलिमीटर झुकलेले निघाले. ‘समांतर’वरचा अनुस्वार विसरणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्धा गुण कापणारा मी, पण माझ्या टेबलावर समांतर हा शब्दच चुकला होता.

मिस्त्रींनी सांगितलेले कारण असे. फिरत्या पात्याचे अलीकडचे दात खाली उतरतात आणि फळीला टेबलावर दाबून धरतात. पलीकडचे दात वर चढतात. कुंपण पलीकडे अरुंद झाले की फळी पाते आणि कुंपण यांच्यात चेंगरते. आधी घासून जळते, मग वर चढणारे दात तिला उचलतात आणि चालवणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात. दहा इंची पाते मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. डेक्कन क्वीनलाही हा वेग ठाऊक नाही.

मग त्यांनी जुळणी शिकवली. आधी वीजजोड काढायचा आणि पाते पूर्ण वर घ्यायचे. टेबलावर लांबीच्या दिशेने एक खाच कोरलेली असते. ती जागची हलत नाही, म्हणून सगळी मापे तिच्यापासून. पात्याच्या एका दातावर खूण करायची, तो अलीकडे आणून खाचेपासूनचे अंतर गुण्याने घ्यायचे. मग पाते हाताने फिरवून तोच दात पलीकडे न्यायचा आणि पुन्हा मोजायचे. तोच दात का? कारण पाते किंचित वाकलेले असले, तरी ती वाकण मापात शिरत नाही. फरक आला तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून पाते खाचेला समांतर करायचे.

पाते झाले की कुंपणाची पाळी. खाचेत घट्ट बसणारी सरळ पट्टी ठेवायची, कुंपण तिच्याजवळ आणायचे आणि मधे दोन्ही टोकांना कागदाचा एकेक तुकडा धरून कुंपणाची कळ दाबायची. दोन्ही कागद सारखेच अडकले पाहिजेत. पलीकडचा अगदी जरासा सैल असला तर चालेल. अलीकडचा सैल आणि पलीकडचा घट्ट, असे कदापि चालणार नाही. नेहमीचा छपाईचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. तेवढ्यातच सारा निकाल लागतो. कळ दाबताना कुंपण हलू शकते, म्हणून कळ दाबल्यावरच तपासायचे.

“आणि सर,” जाताना मिस्त्री म्हणाले, “पात्याच्या मागची ती उभी पट्टी काढून ठेवलीय, ती आधी बसवा. चीर मिटू देत नाही ती. फळीच्या रेषेत स्वतः उभं राहू नका, पोरीलाही राहू देऊ नका. आणि शेवटचा भाग हातानं नाही, काठीनं ढकला.”

कपाट झाले. त्यात पुस्तके लागली. कन्या आता शेडच्या दाराबाहेर उभी राहून मोजते. पत्र्याचा पोचा मी ठोकून काढलेला नाही. यंत्र सुरू करण्यापूर्वी एकदा तिकडे पाहतो आणि खिशातून कागदाचे दोन तुकडे काढतो. कोरे कागद संपले, तर गेल्या वर्षीच्या पाठाच्या टिपणांचेही काम भागते.